नाके कोण?

१९ सप्टेंबर २०२४
उंबरटाका, ता. गेवराई

संजय,
जयभीम.

अकरा वर्षांनी लिहितेय म्हणून पाकीट बघूनच फाडू नकोस, आधी वाच. माझा फोन तू ब्लॉक करून ठेवलायस. पण मी या गावची पोस्टमास्तरीण आहे, आणि टपाल ब्लॉक करायची सोय सरकारनं अजून काढलेली नाही. स्पीड पोस्टानं धाडतेय, पोचपावतीसकट.

काम एकच आहे. तुझ्या सौरभनं मला फेसबुकवर शोधून काढलंय. तुझ्या कपाटात त्याला मायचा आणि आपल्या दोघांचा फोटो सापडला म्हणे, मागं माझं नाव आणि गाव लिहिलेलं. त्यानं एवढंच विचारलं, तुम्ही माझ्या कोण? मी अजून उत्तर दिलेलं नाही. दसऱ्याला मोटारसायकलवर इकडं यायचं म्हणतोय. त्याला येऊ देऊ नकोस. आणि येणारच असेल तर निघायच्या आधी तो कोण आहे ते त्याला खरं खरं सांग. मी जुनं उकरून भांडायला लिहीत नाही. पोराच्या जिवाचा प्रश्न आहे.

पुशा सुटलाय.

हस. पुण्यात बसून हसायला काय जातंय. लहानपणी मात्र दिवेलागणीला वेशीतून जाताना माझ्या पदराला धरून चालायचास, ते मी विसरलेली नाही. कचरू आजा काय सांगायचा? वेशीच्या पायात, दगडांखाली, एक आहे. तो पुसतो, आणि ज्याला पुसतो त्याला पुसूनच टाकतो. एकच शब्द, 'कोण?' आपल्याकडं 'कोण' म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. एसटीत शेजारी बसलेली बाई 'तुमी कोणापैकी?' विचारते, तेव्हा ती काही नाव विचारत नसते.

मे महिन्यात रस्ता रुंद करायला वेस पाडली. दगड, चुना, माती सगळं जेसीबीनं ओढ्यात लोटलं, फरशीच्या पुलाला लागून. जूनमध्ये वाळूचा हायवा ट्रक त्या फरशीवर उभा सापडला, इंजिन चालू आणि ड्रायव्हर गायब. लोक म्हणाले, धाडीला भिऊन पळाला. मग काल दुपारी तीनला राधाकिशन पाटलाचा आदिनाथ गेला. बावीस वर्षांचं पोरगं. लख्ख ऊन होतं. आश्रुबा पलीकडं शेळ्या चारत होता, त्यानं ऐकलं. ढिगातून कुणीतरी 'कोण?' म्हणालं, आदिनाथनं गाडी थांबवून हसत छाती काढून सांगितलं, 'पाटील.' आश्रुबानं मान वळवली तर गाडी स्टँडवर उभी आणि वर कुणी नाही. नंबरप्लेटवर आकड्यांच्या जागी त्यानं मोठ्या अक्षरात 'पाटील' लिहून घेतलं होतं. ती पाटी आता कोरी आहे. मी स्वतः जाऊन बोट फिरवून आले. रंग खरवडलेला नाही, नुसती कोरी.

सौरभला तू काय पढवलंयस ते मला ठाऊक आहे. कुणी कोणापैकी विचारलं की सोसायटीत तू जे सांगतोस, तेच. ते उत्तर घेऊन तो या फरशीवर उभा राहायला नको.

तुझी,
आक्का (पंचशीला नाके. हो, मी अजून नाकेच आहे.)


२६ सप्टेंबर

संजय,

पोचपावती आली. खाली सही, एस. नाईक. म्हणजे पत्र मिळालं आणि तू गप्प बसलास. बस. गप्प बसण्यात तू पहिल्यापासून हुशार.

'नाके'चं 'नाईक' केलंस. एक मात्रा उतरवलीस, मधी एक 'ई' घुसवलीस, झालं. शाळेत पोरं 'नाक्या, नाक्या' करून तुझं नाक ओढायची, तू रडत यायचास आणि मी जाऊन एकेकाला बदडून यायची. तेव्हा मला वाटलं, हा नाकाला कंटाळलाय. नंतर कळलं की तू आम्हालाच कंटाळलायस. तुझ्या वास्तुशांतीला माय आणि मी आलतो. शेजारणीनं मायकडं बघून विचारलं, या कोण? तू म्हणालास, 'स्वयंपाकाच्या मावशी, गावाकडून आणल्यात.'  माय पदर खोचून पुऱ्या लाटायला बसली. परतीच्या गाडीत मी रडत होते, तर मलाच म्हणली, 'पुऱ्या चांगल्या झाल्या म्हणले लोक.' मनकर्णा नाव होतं तिचं. मेली तेव्हा तू आला नाहीस. हे मी तुला कधी लिहिणार नव्हते, लिहून बसले.

आता मुद्द्याचं. इथं रोज काहीतरी पुसलं जातंय. आदिनाथचं भरतीचं हॉल तिकीट पोस्टात आलं, नावाच्या रकान्यात काही नाही. पाटलाच्या बैठकीतल्या लग्नाच्या फोटोत तो करवला म्हणून उभा होता, तिथं आता नुसता फेटा आहे. त्याची आई ओसरीवर बसून 'माझं लेकरू, माझं' म्हणते आणि थांबते. पुढचा शब्द तिच्या जिभेवर येत नाही. मी चार दिवस नीट झोपलेली नाही. 

भीतीनं घरातले सगळे फोटो काढून बघितले. आपल्या तिघांच्या फोटोत माय स्पष्ट आहे, मी स्पष्ट आहे, तुझा चेहरा पुसट झालाय. पत्र्यातून ओल आली असंल.

आजाचं सगळं सांगते, तू ते पोरासारखं ऐकलंस, अर्धं विसरलास. आजा शेवटचा येसकर. रोज संध्याकाळी वेस लावायची त्याची पाळी. दार ओढलं की पायातून आवाज यायचा, 'कोण?' आणि आजानं, त्याच्या बापानं, त्याच्याही बापानं एकच सांगायचं, 'म्हार हाय जी, मायबाप.' बहुतेक वेळा तो ऐकून गप्प व्हायचा. कधी मधी न्यायचा. आपल्या वाड्यातली किती माणसं अशी गेली, त्याची कुणी नोंद ठेवली नाही, कारण गेल्यावर नावंच उरायची नाहीत. छप्पन साली आजा नागपूरला जाऊन आला. धुळीनं पांढरा झालेला, पाय सुजलेले. वेशीत शिरताना आवाज आला, 'कोण?' आजा म्हणला, 'कचरू.' एवढंच. तो गप्प झाला तो वेस पडेपर्यंत. म्हणून आजा आपल्याला सांगायचा, त्यानं पुसलं तर जात सांगू नगा, नाव सांगा.

पण सौरभचं नावच अर्धं खोटं आहे रे. त्यानं काय सांगायचं?

आक्का


३ ऑक्टोबर

संजय,

एक काम कर. माझं पहिलं पत्र काढ. पाटलाच्या पोराचं नाव मी त्यात लिहिलंय का बघ. दुसऱ्यातही लिहिलं असंल. राधाकिशन पाटलाचा मुलगा, बावीस वर्षांचा, ओढ्यात गेला तो. मला आज सकाळपासून नाव आठवंना. पोस्टाच्या वहीत बघितलं, तिथं जागा रिकामी आहे. तुझ्याकडच्या पत्रात शिल्लक असेल तर कळव. पोस्टकार्डावर एक शब्द लिहून धाड, बाकी काही लिहू नकोस.

काल सर्वपित्री झाली. आज दुपारी पाटलाची म्हातारी, छबुबाई, पोस्टात आली. त्या घरातली म्हातारी आपल्या दारात येण्याची ही पहिलीच खेप. पायरीवर बसली. मी चहा ठेवला, तिनं घेतला नाही. नातू गेला तरी ती सवय काही जाईना. पण जे सांगून गेली, ते ऐकून मीच खाली बसले.

निजामाच्या राज्यात पेंढाऱ्यांच्या भीतीनं गावानं वेस बांधायला काढली. भिंत उभी राहीना. कुणीतरी सांगितलं, पाया माणूस मागतोय. तेव्हाच्या पाटलानं आपल्या वाड्यातला एक माणूस निवडला. त्याला सांगितलं, वेशीला तुझं नाव देऊ, तुझ्या लेकराबाळांना जमीन देऊ. त्याला पायात उभा करून दगड रचत आणले आणि शेवटी वरून चुना ओतला. जमीन पाटलानंच ठेवली. वेशीला नाव पाटलाचं लागलं. आणि भिंत ढळू नये म्हणून त्या घरानं गाडलेल्या माणसाचं नाव बांधून ठेवलं. दर सर्वपित्रीला थोरल्या सुनेनं परसात एक निवद वेगळा ठेवायचा आणि नाव श्वासातल्या श्वासात घ्यायचं. सासू सुनेच्या कानात सांगते. नाव घराबाहेर गेलं तर वेस पडेल आणि जमीन जाईल, असं सांगत आले. आपल्या माणसाचा निवद पाटलाच्या परसात, आणि आपल्याला त्याचं नावसुद्धा ठाऊक नाही. मला एवढा संताप आला की मी उठून उभी राहिले.

म्हातारी म्हणली, 'पोरी, त्यो तुमाला पुसत न्हाई. सोताला पुसतो. चुना तोंडात जाताना त्यो वरडत होता, मी कोण ते ध्यानात ठिवा. त्यातला “मी” चुन्याखाली गेला. “कोण” तेवढं वर ऱ्हायलं.'

संजा, दोनशे वर्षं एक माणूस विचारतोय, मी कोण? आणि आपलं अख्खं गाव त्याला स्वतःची जात सांगत राहिलं. 'कोण' ऐकलं की दुसरं काही आपल्याला सुचतच नाही. आजानं जात टाकून नाव सांगितलं, म्हणून तो थबकला असंल. पण त्याचं नाव त्याला आजानंही दिलं नाही, कारण आजाकडं ते नव्हतंच.

मी म्हातारीला म्हणाले, तुम्हीच जाऊन का सांगत नाही? ती जाऊन आलती. ढिगापुढं उभी राहून ओरडून आलती. तो नुसता 'कोण, कोण' करत राहिला. आमच्या तोंडून त्याला नकोय, म्हणली. मग माझा हात धरला. हो, हात धरला. म्हणली, 'तुमचं नाव तुमी घ्या. माझ्या लेकराचं मला द्या.' आणि माझ्या कानात नाव सांगून गेली.

ते तुला आत्ता लिहीत नाही. आधी दुसरं लिहिते, जे मी कुणाला सांगितलेलं नाही.

तो पोरगा त्या दुपारी आधी पोस्टात आलता. हॉल तिकीट आलं का विचारायला. जाताना दारातून हसत म्हणला, 'मावशी, ओढ्यात ते कोण पुसतंय म्हणं. काय सांगायचं त्याला? तुमच्या आज्याला म्हाईत होतं म्हणत्यात.' मला उत्तर माहीत होतं. नाव सांग, एवढे दोन शब्द. पण एप्रिलमध्ये आपल्या मिरवणुकीसमोर गाडी आडवी लावून त्यानं जे स्टेटस ठेवलं होतं, ते माझ्या डोळ्यापुढं आलं. मी म्हणाले, 'तुमाला कुणाची भीती? तुमी जे कायम सांगता तेच सांगा.' तो हसत गेला. मला कळत होतं मी काय करतेय. संजय, तू मायला नाकारलंस म्हणून मी तुला अकरा वर्षं शिव्या दिल्या. आता माझ्याकडंही कबूल करण्यासारखं झालंय.

आक्का


९ ऑक्टोबर

संजय,

आज तिसऱ्या पत्राची पोचपावती आली. तिन्ही पावत्या शेजारी शेजारी ठेवल्या. दररोज शेकडो सह्या बघणारी बाई मी, आणि हे मला आधी दिसू नये? एस. नाईक, पण 'एस'ची शेपटी वर गेलीय. तू शाळेपासून ती खाली ओढतोस. सही सौरभची आहे.

मी पावत्या बाजूला ठेवते न ठेवते तोच त्याचा फोन आला. म्हणला, 'आत्या, मी सौरभ. पप्पांनी पत्रं बघितली आणि न उघडता चपलांच्या कपाटात टाकली. मी काढून वाचली. तिन्ही.'  पुऱ्यांचं पण वाचलंस का, विचारलं. हो म्हणला. 

मी त्याला येऊ नको म्हणाले. हात जोडले, फोनवर काय दिसणार. तो म्हणला, 'मला तेवीस वर्षं जे सांगितलं ते खोटं होतं. मला आता तिथं यायचंच आहे.' हट्टी आहे. मायवर गेलाय.

आता हे कुणासाठी लिहितेय तेच कळंना. सौरभ, तूच वाचत असशील तर बापाच्या हातात दे, कपाटात नको. संजय, तू वाचत असशील तर त्याची गाडीची किल्ली लपव. आणि मी काय करतेय विचारशील, तर सहा दिवस झाले, ते नाव तोंडात धरून घरात येरझाऱ्या घालतेय. फरशीपर्यंत जाते आणि परत येते. भीती वाटते हे खरं. पण त्याहून खरं म्हणजे, पाटलाच्या घरानं अजून थोडं तडफडावं असं मला आतून वाटत होतं. सौरभचा फोन आल्यापासून ते वाटणं गेलंय. आता नुसती भीती आहे.

आक्का


१४ ऑक्टोबर

संजय,

सौरभ जिवंत आहे. आधी तेवढं वाच, पाणी पी, मग पुढचं वाच.

दसऱ्याला सकाळी सातपासून मी फरशीवर उभी होते. छबुबाई माझ्यामागं कडुनिंबाखाली येऊन बसली. अकराच्या सुमाराला गाडी दिसली. मी दोन्ही हात हलवत पळाले, थांब थांब म्हणत. फरशीच्या मधोमध गाडी आपोआप बंद पडली.

ढीग हलला. मी लहानपणी ऐकलं होतं, बघितलं कधी नव्हतं. दगड, चुना, ओला गाळ असं सगळं एकावर एक चढत माणसाएवढं झालं. हात होते, खांदे होते. चेहऱ्याच्या जागी पुसलेली पाटी. त्यातून आवाज आला, 'कोण?' आवाज मोठा नव्हता. थकलेल्या माणसाचा होता.

सौरभनं हेल्मेट काढलं. मी त्याला फोनवर दहा वेळा बजावलं होतं, नुसतं नाव सांग. पोरगं ऐकेल तर ना. तो म्हणला, 'मला माहीत नाही. मला आत्ता आत्ता कळायला लागलंय. तुम्ही कोण?'

तुम्ही. संजा, त्याला आजवर कुणी उलट विचारलंच नव्हतं, तेही आहोजाहो करून. ते सगळं दगडचुन्याचं धूड जागच्या जागी थांबलं आणि वाकून पोराच्या तोंडाकडं बघायला लागलं, डोळे नसताना.   नऊ दिवस तोंडात धरलेलं नाव नेमकं तेव्हा बाहेर येईना. मग मायचं नाव घेतलं मनात आणि ओरडले.

'येसनाक! तुम्ही येसनाक. आमचे आजे. आम्ही नाके, तुमच्या नावाचे.'

आधी नाक आलं. खरंच सांगते, हसू नकोस. कोऱ्या चेहऱ्यावर पहिलं नाक उठलं, मधी बसकं, तुझ्यासारखं, सौरभसारखं. मग डोळे. मग तोंड उघडलं आणि त्यातून चुना गळायला लागला, किती वेळ गळत होता. शेवटी तो बोलला, एकच शब्द. 'मी.' दोनदा म्हणला. दुसऱ्यांदा म्हणताना हसला असं सौरभ म्हणतो, मी रडत होते म्हणून मला दिसलं नाही. मग दगड एकेक करून खाली बसले आणि नुसता ढीग उरला.

मागं छबुबाई किंचाळली, 'आदिनाथ!' नाव परत आलं. माझ्या वहीत आलं, हॉल तिकिटावर आलं, फोटोत फेट्याखाली तोंड आलं. तो स्वतः आला नाही. ड्रायव्हरही नाही. त्याची आई आता नाव घेऊन रडते, तेवढं तरी तिला मिळालं, असं लोक म्हणतात. मी तिच्या दारात गेले आणि त्या दुपारी पोस्टात काय झालं ते सांगून आले. तिनं दार लावून घेतलं. लावणारच. ते मला जन्मभर वागवायचंय.

आज विहारात गेलो. भन्तेंनी नव्या माणसाची ओळख विचारली, तर सौरभ उठून म्हणला, 'सौरभ नाके. मनकर्णाबाईंचा नातू.' मी पदरात तोंड घातलं. दिवाळीपर्यंत राहतो म्हणतोय. ढिगातला एक दगड उभा करून त्यावर येसनाकचं नाव कोरायचंय त्याला. छिन्नी धरता येत नाही, दोन बोटं ठेचून घेतलीत.

आता तुझं. तुझ्याकडचा आपला फोटो सौरभनं बरोबर आणलाय. त्यातही तुझाच चेहरा पुसट आहे. दोन गावांतल्या दोन फोटोंना एकाच जागी ओल लागत नाही रे. आदिनाथचा चेहरा परत आला, तुझा आला नाही, कारण तुला पुशानं पुसलेलं नाही. ते तू स्वतः करतोयस, थोडं थोडं, रोज.

म्हणून हे पाकीट रजिस्टरनं धाडतेय, आणि पत्ता तुझा असला तरी वर नाव 'संजय नाके' घातलंय. तुमच्या सोसायटीत त्या नावाचं कुणी नाही. पोस्टमन खाली गेटवर थांबेल आणि वॉचमनला, शेजारणीला, येणाऱ्याजाणाऱ्याला विचारेल, 'नाके कोण?' तू गप्प राहिलास तर सात दिवस ठेवून तो ते परत धाडेल. मग पाकीट माझ्याच टेबलावर येईल आणि मीच त्यावर सही करून घेईन.

पण तू हे वाचतोयस. म्हणजे तू जिना उतरून खाली गेलास, चार माणसांत उभा राहिलास आणि 'मी' म्हणालास. आता घरात जा, फोटो सौरभकडं आहे, तर आरशातच बघ. आणि पुढच्या गाडीनं ये. पुऱ्या मी करीन.

आक्का